लोभ गेंजुरोचा, किंमत मियागीची



यंदाच्या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक संयोजकांनी मला दिली, तेव्हा केंजी मिझोगुची यांच्या ‘उगेत्सु मोनोगातारी’ या १९५३च्या जपानी चित्रपटाचं नाव मी लगेच कळवलं. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना चित्रपटावर बोलताना नुसती गोष्ट सांगत बसलेलं आवडत नसे. आज मात्र मला गोष्ट सांगावीच लागेल. कारण माझं म्हणणं या गोष्टीतल्या हिशेबात आहे : कमावतो कोण आणि भरतं कोण.

या चित्रपटाची ओळख बहुतेक ठिकाणी अशी करून दिली जाते. एक लोभी कुंभार आणि त्याचा सामुराई व्हायचं वेड घेतलेला शेजारी, दोघंही बायकांचं ऐकत नाहीत, दोघंही भलत्या मोहात पडतात आणि शेवटी शहाणे होऊन घरी येतात. म्हणजे लोभाचं फळ वाईट, हे सांगणारी बोधकथा. मला ही ओळख अपुरी वाटते, आणि थोडी अन्यायाचीही. या चित्रपटात लोभाची शिक्षा लोभी माणसाला झालेली मला तरी दिसत नाही. तो जिवंत परत येतो. त्याचं मूल त्याला मिळतं, त्याची भट्टी पुन्हा पेटते. मरते ती त्याची बायको, जिनं काहीच मागितलेलं नव्हतं. आणि मेलेली माणसं इथे परत येतात ती सूड घ्यायला येत नाहीत. ती वाढायला येतात, जेवू घालायला येतात. लोभ आणि मृत्यूनंतरचं जग या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या रीतीनं जोडणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही.

काळ सोळाव्या शतकाच्या अखेरचा. जपानमध्ये सरदारांच्या आपापसातल्या लढाया चालू आहेत. बिवा सरोवराच्या उत्तरेला, ओमि प्रांतातल्या एका खेड्यात गेंजुरो नावाचा कुंभार बायको मियागी आणि लहानग्या गेनिचीबरोबर राहतो. १५८३ साली शिबाता कात्सुइए आणि हिदेयोशी या सरदारांमधली शिझुगाताकेची लढाई झाली ती याच मुलखात. सुरुवातीलाच गेंजुरो गाडीवर मडकी रचतोय आणि लांबून बंदुकांचे आवाज येताहेत. तो नागाहामाला जातो. तिथे सैन्याचा तळ पडल्यामुळे बाजार तेजीत आहे. मडकी हातोहात खपतात आणि माणूस खिसा भरून घरी येतो. बायकोसाठी किमोनो आणतो. ती तो अंगाला लावून पाहते आणि सांगते की वस्त्रापेक्षा तुम्ही आठवणीनं आणलंत यातच मला सगळं मिळालं. गावचा म्हातारा प्रमुख बजावतो की धामधुमीच्या दिवसांतला पैसा टिकत नाही. गेंजुरोच्या कानात आता दुसरंच काही शिरलेलं आहे.

यानंतरचं एक दृश्य मी मुद्दाम सविस्तर सांगतो. गेंजुरो चाकावर बसलाय. पुढच्या फेरीत जास्त माल न्यायचा आहे. समोर मियागी बसून त्याच्यासाठी हातानं चाक फिरवतेय. मूल मध्ये येतं, कुरकुर करतं, आणि बाप त्याच्यावर खेकसतो. बायको मान खाली घालून चाक फिरवत राहते. पैसा येण्याआधीही ही दोघं असंच काम करत असणार, तेच चाक, तीच माती. बदललाय तो फक्त वेग. लोभ दाखवायला दिग्दर्शकाला तिजोरी लागली नाही, सोन्यानाण्यांचा ढीग लागला नाही. चाक जरा जास्त जोरात फिरतंय आणि मूल आडवं येतंय, एवढं पुरलं. हा लोभ आपल्या सगळ्यांच्या घरात येऊन गेलेला आहे, म्हणून हे दृश्य बघवत नाही.

मिझोगुचींना हे कुठून कळलं? त्यांचा जन्म १८९८चा, टोकियोतला. ते लहान असताना रशिया आणि जपानचं युद्ध पेटलं. वडिलांनी सैनिकांना रेनकोट पुरवून चार पैसे करायचं ठरवलं आणि भांडवल घातलं. युद्ध १९०५मध्ये संपलं, माल पडून राहिला, घर कर्जात बुडालं. मोठी बहीण सुझू हिला दत्तक म्हणून देऊन टाकलं, आणि ती पुढे गेशांच्या घरात गेली. आई वारल्यावर याच बहिणीनं भावंडांना आधार दिला. मिझोगुचींच्या बहुतेक सगळ्या मोठ्या चित्रपटांत पुरुषांच्या कर्तबगारीचा भार वाहणारी बाई का असते, याचं उत्तर पुष्कळ अभ्यासकांनी सुझूमध्ये शोधलं आहे. मी त्यात वडिलांच्या रेनकोटांची भर घालीन. युद्धावर पैसा करायला निघालेला बाप आणि त्याची किंमत चुकवणारी मुलगी, ही गोष्ट त्यांच्या घरात घडून गेली होती. ‘उगेत्सु’ काढताना ते पंचावन्नच्या घरात होते.

आणि ज्या वर्षी हा चित्रपट आला ते वर्षही बघा. अमेरिकेच्या ताब्यातून जपान १९५२च्या एप्रिलमध्ये सुटला होता. शेजारी कोरियात १९५०पासून युद्ध चालू होतं, आणि अमेरिकी सैन्याच्या खरेदीमुळे जपानी कारखान्यांना सुगीचे दिवस आले होते. डबघाईला आलेल्या टोयोटाला सावरलं ते लष्करी ट्रकांच्या मागणीनं. नागाहामाच्या तेजीतल्या बाजारात मडकी विकणारा गेंजुरो त्या वर्षीच्या जपानी प्रेक्षकाला परका वाटला असेल असं मला वाटत नाही. मिझोगुचींनी हा संबंध उघड जोडला असा माझा दावा नाही. पण पटकथाकार योशिकाता योदा यांना त्यांनी ज्या सूचना लिहिल्या, त्यांचा रोख स्पष्ट होता : युद्ध राज्यकर्त्यांच्या स्वार्थातून येवो की लोकहिताच्या नावानं येवो, त्यातली हिंसा सामान्य माणसाला शरीरानं आणि मनानं कशी चिरडते ते दिसलं पाहिजे. लोभ हा त्यांच्या दृष्टीनं एकट्या माणसाच्या मनात उगवणारा रोग नव्हता. तो बाजारातून येतो, आणि बाजार सैन्याच्या मागोमाग येतो.

मूळ कथा उएदा आकिनारींच्या. त्यांचं ‘उगेत्सु मोनोगातारी’ हे नऊ भुताच्या कथांचं पुस्तक १७७६मध्ये छापलं गेलं. त्यातल्या दोन कथा योदा आणि मात्सुतारो कावागुची यांनी एकत्र विणल्या. एकीत रेशमाच्या व्यापारासाठी क्योतोला गेलेला नवरा सात वर्षांनी परत येतो, बायको त्याचं स्वागत करते आणि सकाळी कळतं की ती केव्हाच गेलेली आहे. दुसरीत एका तरुणाला सुंदर बाईचं रूप घेतलेली नागीण झपाटते. शेजाऱ्याच्या उपकथेला मोपासाँच्या एका कथेचा आधार आहे. आकिनारींच्या पुस्तकातली शेवटची कथा चित्रपटात नाही, पण तिचा उल्लेख करायलाच हवा. तिच्यात एका काटकसरी सामुराईच्या उशाशी रात्री खुद्द सोन्याचा आत्मा येऊन बसतो आणि पैशावर बोलतो. त्याचं म्हणणं असं की पैशाला पुण्य आणि पाप कळत नाही. जो त्याला जपतो त्याच्याकडे तो जातो. चित्रपटानं ही कथा घेतली नसली तरी तिचं थंडगार सत्य मला गेंजुरोच्या सगळ्या व्यवहारांत जाणवतं.

पुढे सैन्य खेड्यावर चालून येतं. सगळे डोंगराकडे पळतात आणि गेंजुरोचा जीव भट्टीतल्या जाळात अडकलेला असतो. मडकी वाचतात. मग ती होडीत भरून धुक्यातून सरोवर ओलांडायचं ठरतं. वल्हं शेजारच्या तोबेईची बायको ओहामा हिच्या हातात आहे. धुक्यातून एक होडी वाहत येते, तिच्यात मरणाच्या दारातला माणूस आहे, आणि तो बायकांना जपा म्हणून सांगून प्राण सोडतो. मियागीला आणि मुलाला काठावर उतरवून बाकीचे पुढे जातात. या धुक्याच्या दृश्याचं कौतुक जगभर झालेलं आहे, ते मी पुन्हा करत नाही. एवढंच लक्षात घ्या की गेंजुरोला धोका कळलेला आहे. बायकोला मागं ठेवण्यात काळजीही आहे आणि सोयही आहे, आणि त्या क्षणी ती दोन्ही वेगळी करता येत नाहीत.

मियागीचा मृत्यू कॅमेऱ्यानं कसा पाहिला आहे? मूल पाठीशी बांधून ती रानातल्या वाटेनं गावाकडे निघाली आहे. उपाशी सैनिक तिला गाठतात. त्यांना तिच्याजवळचं खाणं हवं आहे. झटापटीत एक जण तिच्यात भाला खुपसतो. काझुओ मियागावांचा कॅमेरा उंचावर आणि लांब आहे. जवळ जात नाही, तिचा चेहरा मोठा करून दाखवत नाही. ती काठीचा आधार घेत वाकून पुढे सरकते, पाठीवर मूल रडतंय, आणि त्याच चौकटीत मागे लांब शेतात ते सैनिक हिसकावलेल्या अन्नासाठी भांडताहेत. मारणारेही भुकेलेच आहेत. मिझोगुची इथे कुणाला राक्षस ठरवत नाहीत, आणि म्हणूनच या मृत्यूचा राग कुणा एकावर काढता येत नाही.

नेमक्या याच सुमाराला गेंजुरो कुठे आहे? वाकासा नावाच्या सरदारकन्येच्या वाड्यात. ती बाजारात आली, तिच्याबरोबर म्हातारी दाई उकोन होती, तिनं भांडी घेतली आणि पोचवायला सांगितलं. वाड्यावर पाहतो तर त्याच्याच भांड्यांतून त्याला वाढलं जातंय. वाकासा त्याच्या कारागिरीची तारीफ करते. इथे वाकासा झालेल्या माचिको क्यो यांचा चेहरा पाहावा. नोह नाटकातल्या मुखवट्यासारखा पांढरा, भुवया कपाळावर उंच काढलेल्या, चाल जमिनीवरून घसरल्यासारखी. ती नाचते, गाते, आणि मृत बापाच्या चिलखतातून त्याचा घुमणारा आवाज त्या गाण्यात मिसळतो. फुमिओ हायासाकांचं संगीत तिथे अंगावर येतं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते आमिषाचं स्वरूप. वाकासा गेंजुरोला पैसा दाखवत नाही. खेड्यातल्या या कुंभाराला आजवर कुणी कलावंत म्हटलेलं नाही, ती तसं म्हणते. पैशाच्या लोभातून कौतुकाच्या लोभात माणूस किती सहज उतरतो! या सभागृहात लिहिणारे, गाणारे, चित्रं काढणारे पुष्कळ बसले आहेत. त्यांना मी यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

वाकासा मेलेली आहे. ओदा नोबुनागा या सरदारानं तिच्या घराण्याचा नायनाट केला, आणि प्रेम म्हणजे काय ते कळायच्या आत ती गेली. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की घरातली म्हातारी माणसं विचारात पडतात, काय राहून गेलं असेल म्हणून. वाकासाचं आयुष्यच राहून गेलं होतं. ते मिळवायला ती आली. तिला नुसती झपाटणारी हडळ समजणं सोपं आहे, आणि पोस्टरांनी वर्षानुवर्षं तेच केलं. चित्रपट तसं करत नाही. ती आणि मियागी, दोघीही युद्धानं मारलेल्या बायका आहेत. एकीला सरदारांच्या वैरानं संपवलं, दुसरीला त्यांच्या उपाशी शिपायांनी.

वाकासाच्या तावडीतून गेंजुरोला सोडवतो तो एक भिक्षू. गेंजुरोच्या चेहऱ्यावर त्याला मरणाची छाया दिसते, आणि तो त्याच्या अंगावर मंत्राक्षरं लिहून देतो. वाकासा त्याला स्पर्श करायला जाते आणि मागे सरते. ही अक्षरं मराठी माणसानं जरा निरखून पाहावीत. ती जपानी नाहीत, संस्कृत आहेत, सिद्धम् लिपीतली. भारतातून बौद्ध धर्माबरोबर ही लिपी चीनमार्गे जपानला पोचली आणि तिथल्या मठांत आजही लिहिली जाते. आपली देवनागरी आणि ती, दोन्ही ब्राह्मीच्याच लेकी. गेंजुरोच्या पाठीवर ती अक्षरं पाहताना आपण आपल्याच घराण्यातलं काहीतरी पाहत असतो.

तो तलवार फिरवत बाहेर पडतो आणि कोसळतो. जाग येते तेव्हा वाड्याच्या जागी जळके खांब आणि गवत आहे. हातातली तलवार देवस्थानातून चोरीला गेलेली निघते, आणि जवळ होते ते पैसेही शिपाई काढून घेतात. रिकाम्या हातानं तो घरी येतो.

आणि आता ते दृश्य. रात्र आहे. गेंजुरो दार ढकलून आत येतो. घर अंधारं आहे, चूल विझलेली, सामान अस्ताव्यस्त. तो मियागीला हाका मारत घरातून आरपार जातो आणि मागच्या दारानं बाहेर पडतो. कॅमेरा आतच थांबतो. गेंजुरो घराला वळसा घालत पुढच्या दाराकडे येतोय हे आपल्याला कळतं, आणि कॅमेरा आतून त्याच्याबरोबर परत फिरतो. मघाशी रिकामी असलेली खोली पुन्हा चौकटीत येते. आता चुलीत जाळ आहे, भांडं चढवलेलं आहे आणि शेजारी मियागी बसलेली आहे. मध्ये एकही कट नाही. कॅमेरा दुसरीकडे वळलेला असताना मियागी झालेल्या किनुयो तानाका येऊन बसल्या आणि जाळ केला गेला, इतकी ती साधी युक्ती आहे. दृश्य एका चित्रणातच घ्यायचं, तोडायचं नाही, हा मिझोगुचींचा हट्ट सगळ्यांना माहीत होता. इथे त्या हट्टाचं सोनं झालं. एक कट मारला असता तर भूत अवतरलं असतं. कट नसल्यामुळे घर तेच राहतं, वेळ तीच राहते, आणि मेलेली बाई जिवंतांच्या घरात नेहमीसारखी स्वयंपाकाला लागते.

गेंजुरो आपल्या चुका सांगायला लागतो आणि ती त्याला थांबवते. जेवू घालते, साके देते. झोपलेल्या मुलाला कुशीत घेऊन तो झोपी जातो. मग ती रात्रभर दिव्याच्या उजेडात त्याचे फाटके कपडे शिवत बसते. तिला काय राहून गेलं होतं ते आता कळतं. सकाळी गावचा प्रमुख मुलाला शोधत येतो. सैनिकांनी मियागीला केव्हाच मारलं, मूल माझ्याकडे राहत होतं, असं तो सांगतो.

१९६२मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकानं समीक्षकांकडून जगातल्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी मागवली. तिच्यात ‘उगेत्सु’ चौथा आला, आणि त्याच्या बरोबरीनं एरिक फॉन स्ट्रोहाइम यांचा १९२४चा ‘ग्रीड’ होता. स्ट्रोहाइमचा नायक वाळवंटात मेलेल्या माणसाला बेडीनं जखडलेला उरतो. लोभानं ज्याचं त्याला पोचवलं. आपल्या मातीतल्या राही अनिल बर्वे यांच्या २०१८च्या ‘तुंबाड’मध्येही लोभी माणसाला शाप गाठतोच. दोन्ही फार ताकदीचे चित्रपट आहेत. पण त्यांच्यात जगाचा न्याय कुठेतरी शाबूत आहे. ‘उगेत्सु’त तो नाही. तिथे चित्रगुप्ताची वही नाही, नरक नाही. असेल तर गेंजुरोची शिक्षा एवढीच की त्याला वाढलेलं शेवटचं ताट कुणी वाढलं होतं, हे त्याला सकाळी कळलं.

तोबेईविषयी थोडक्यात सांगतो, कारण चित्रपटाची दुबळी बाजू तिथे आहे. तो पैसे घेऊन पळतो, चिलखत आणि भाला घेतो, दुसऱ्यानं कापलेलं सेनापतीचं शिर पळवून सरदारापुढे नेतो आणि घोडा, माणसं मिळवतो. मिरवत एका कुंटणखान्यात शिरतो, तिथे त्याला ओहामा भेटते. ती त्याला शोधत असताना सैनिकांनी तिच्यावर अत्याचार केला आणि नाणी फेकून ते निघून गेले होते. नवऱ्याच्या बढतीला माझ्या अशा अधोगतीची किंमत पडली, असं ती त्याला तोंडावर ऐकवते. ओहामा झालेल्या मित्सुको मितोंनी हा प्रसंग जळत्या नजरेनं केला आहे. त्यानंतर मात्र तोबेई चिलखत नदीत फेकतो आणि दोघं गावी परततात. मिझोगुचींना हा शेवट इतका गोड नको होता, निर्मात्या दाएई कंपनीच्या दबावामुळे तो मऊ झाला. तोबेई सामुराई म्हणून मोठा होत गेला असता, तर चित्रपट जास्त खरा झाला असता असं मी मानतो. लोभी माणसं बहुधा पश्चात्तापानं परत येत नाहीत. ती बढत्या घेत राहतात.

शेवटी गेंजुरो पुन्हा चाकावर बसतो. मियागीचा आवाज ऐकू येतो, ती त्याला कामाला उत्तेजन देते. ओहामानं दिलेलं अन्न छोटा गेनिची आईच्या थडग्यापुढे नेऊन ठेवतो आणि कॅमेरा वर चढत शेतात राबणाऱ्या माणसांपर्यंत जातो. १९५३मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्यसिंह मिळाला. सुवर्णसिंह कुणालाच दिला गेला नव्हता. तीन वर्षांनी, १९५६च्या ऑगस्टमध्ये, मिझोगुची रक्ताच्या कर्करोगानं क्योतोत गेले.

माझी चित्रपट मंडळांना एक कळकळीची विनंती आहे. ‘उगेत्सु’ची नव्यानं दुरुस्त केलेली प्रत २०१६मध्ये कानच्या महोत्सवात दाखवली गेली. ती मिळवा आणि अंधाऱ्या सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवा. मियागावांच्या करड्या छटा फोनच्या पडद्यावर मरतात. आणि तुम्ही, श्रोतेहो, पाहायला याल तेव्हा गेंजुरोवर फार नजर ठेवू नका. पैसे मोजले जात असताना त्याच चौकटीत बायका कुठे उभ्या आहेत आणि काय करताहेत ते पाहा. सगळा चित्रपट तिथून पाहिला पाहिजे.